सापडावं आणि टिकावं म्हणून

मोफत ब्लॉग उघडायला फार काही लागत नाही. गूगलचं खातं असलं की ब्लॉगरवर नाव द्यायचं, पत्ता निवडायचा आणि पुढे जायचं. वर्डप्रेस.कॉमवर थोडा जास्त वेळ जातो, एवढंच. मग यासाठी अख्खं पुस्तक कशाला, असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे. ब्लॉग उघडणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. त्यावर मराठीत लिहिलेलं अनोळखी वाचकाला सापडणं, आणि ते पाच-दहा वर्षांनीही जागेवर असणं, यासाठी काही गोष्टी आधीपासून माहीत असाव्या लागतात. पहिल्या कामाची मदत त्या त्या सेवेच्या पानांवर मिळते. दुसऱ्या कामाबद्दल मराठीत नीट सांगितलेलं फारसं मिळत नाही, आणि नवख्या माणसाचं नुकसान होतं ते नेमकं तिथेच. या पुस्तकातली बहुतेक प्रकरणं त्या दुसऱ्या कामाची आहेत.

नवखा माणूस म्हणजे इथे शाळकरी मूल समजू नये. वाचनालयांत मी घेतलेल्या वर्गांना जी माणसं येतात, त्यांत निवृत्त शिक्षिका असतात, बँकेतून निवृत्त झालेले असतात, दर रविवारी गडावर जाणारी पोरं असतात, शेतकरी असतात. त्यांना लिहायचं असतं, पण बहुतेकांच्या तोंडी एकच शंका असते: आमच्याकडे लिहिण्यासारखं असं काय आहे? माझं मत ठाम उलटं आहे. मराठीत शोध घेतला की एकाच बातमीच्या पन्नास नकला मिळतात आणि नेमकी हवी ती माहिती मिळत नाही. पावभाजीची कृती शंभर ठिकाणी आहे. कळणाच्या भाकरीसाठी ज्वारी आणि उडीद किती प्रमाणात दळायचे, निवगऱ्यांची उकड मोदकाच्या उकडीपेक्षा वेगळी ठेवायची का, हे ज्यांच्या हातात आहे त्या बायकांनी अजून लिहिलेलं नाही. तासगावचा एखादा द्राक्ष बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी घेतो, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस लागला तर पहाटे बागेत कुठली पानं उलटून बघायची, हे त्याला ठाऊक असतं. ते ज्ञान आज फोनवर बोललं जातं, व्हॉट्सॲपच्या गटात येतं आणि दोन दिवसांत वर सरकून हरवतं. पुढच्या वर्षी तोच पाऊस येतो, तोच प्रश्न येतो, आणि उत्तर पुन्हा पहिल्यापासून टाइप करावं लागतं. अशा माणसाला स्वतःची एक कायमची जागा हवी, तीही पैसे न मोजता. ब्लॉग ही जागा देतो.

ही जागा फुकट कशी मिळू लागली, तो इतिहास नवख्यानेही थोडा जाणून घ्यावा, कारण त्यातूनच पुढची काळजी कळते. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये पायरा लॅब्स नावाची एक छोटी कंपनी होती. इव्हान विल्यम्स आणि मेग हूरिहान यांनी ती सुरू केली होती आणि त्यांचं मुख्य काम वेगळंच होतं, प्रकल्पांचं व्यवस्थापन करणारं सॉफ्टवेअर बनवण्याचं. ऑगस्ट १९९९ मध्ये त्यांनी ब्लॉगर सगळ्यांसाठी खुलं केलं. सुरुवातीला ब्लॉगर फक्त लिहिण्याची खिडकी देत असे; लेख जाऊन बसायचा तो तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवर, म्हणजे जागा तुम्हालाच घ्यावी लागे. २००० मध्ये ब्लॉगस्पॉट आलं आणि जागाही मोफत झाली. सामान्य माणसासाठी खरा बदल झाला तो तेव्हा. पण फुकट जागेचा खर्च कुणाला तरी येतोच. २००१ च्या सुरुवातीला कंपनीचे पैसे संपले, नवे सर्व्हर घेण्यासाठी वापरणाऱ्यांनीच वर्गणी दिली, सहकारी पांगले आणि विल्यम्स काही काळ एकटेच गाडा ओढत राहिले. फेब्रुवारी २००३ मध्ये गूगलने ही कंपनी विकत घेतली, म्हणून आज ब्लॉगर आहे. त्याच वर्षी २७ मे रोजी वर्डप्रेस आलं. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी बी-टू नावाच्या एका बंद पडत चाललेल्या मुक्त प्रणालीवरून ते उभं केलं. कुणीही घ्यावं, बदलावं, स्वतःच्या सर्व्हरवर बसवावं असं ते आहे. त्यावर चालणारी वर्डप्रेस.कॉम ही तयार जागा २००५ मध्ये सुरू झाली.

या मोफत जागेने काय साधलं, त्याचं एक उदाहरण मुंबईचं आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर काही तासांतच मुंबईतल्या काही लिहित्या माणसांनी ब्लॉगस्पॉटवर एक सामाईक ब्लॉग उघडला आणि मदत कुठे द्यायची, कुठे मागायची, बेपत्ता माणसांची चौकशी कुठे करायची ही माहिती त्यावर गोळा होऊ लागली. लिहिणारे हात वेगवेगळ्या देशांतून आले. पुढच्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, शहर पाण्यात गेलं, आणि तेव्हाही 'मुंबई हेल्प' हा ब्लॉग त्याच मोफत जागेवर कामाला आला. कुणाकडे परवानगी मागावी लागली नाही, सर्व्हर घ्यावा लागला नाही. हे ब्लॉग इंग्रजीत होते. मराठीत तेव्हा आपण अजून अक्षरांशीच झुंजत होतो.

त्या झुंजीबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण तिचे अवशेष आजच्या नवख्याच्या वाटेतही येतात. मायबोली हे संकेतस्थळ १९९६ पासून आहे, मनोगत २००४ मध्ये आलं, आणि हजारो मराठी माणसांनी संगणकावर देवनागरी लिहायला तिथे हात बसवला. त्याआधी आणि त्यानंतरही छपाईच्या जगात वेगळेच फॉन्ट चालत. त्यांत पडद्यावर मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरं आणि चिन्हंच असत. असा मजकूर ब्लॉगवर चिकटवला की वाचकाला अगम्य खुणांचा ढीग दिसतो आणि शोधयंत्राला त्यात मराठीचा एक शब्दही सापडत नाही. आजही दिवाळी अंकाला दिलेला जुना लेख, डीटीपीवाल्याकडून आलेली फाइल, संस्थेच्या स्मरणिकेचा मजकूर याच अवस्थेत असतो. तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःची ठरलेली ओळख देणाऱ्या प्रमाणपद्धतीत, रूपांतरित करावा लागतो, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासावी लागतात. यासाठी पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. कंटाळवाणं काम आहे, पण चाळीस वर्षं लिहिलेल्या माणसाचं लेखन त्यातून परत मिळतं.

युनिकोडमध्येही मराठीचे म्हणून काही बारकावे आहेत. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि दुसऱ्यातला र वेगळा टाइप करावा लागतो. इनस्क्रिप्ट या प्रमाण देवनागरी कळफलकावर साधा र ज्या कळीवर आहे, तिच्यावरच शिफ्ट दाबून हा ऱ मिळतो. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये. त्याआधी लोक अ, एक अदृश्य जोडखूण आणि चंद्र असे तीन तुकडे जोडून ते काढत, आणि काही कळफलक अजूनही तसंच काढतात. दिसायला दोन्ही सारखे. शोधताना मात्र एकाला दुसरा सापडेलच अशी खात्री नाही. रोज लिहिणाऱ्याने इनस्क्रिप्ट शिकावा, असं माझं सांगणं आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, ही मांडणी आपल्या वर्णमालेला धरून आहे आणि जवळपास प्रत्येक संगणकात ती आधीपासून असते. पण महिन्यातून दोनदा लिहिणाऱ्याला ही सक्ती नको. रोमनमधून मराठी उमटवणारा कळफलक किंवा फोनवर बोलून लिहिणं त्याला पुरेसं आहे. बोलून लिहिलेला मजकूर मात्र प्रसिद्ध करण्यापूर्वी मोठ्याने वाचून बघावा. यंत्र विरामचिन्हं विसरतं आणि गावांची, माणसांची नावं बिघडवतं.

आता पत्त्याबद्दल. या एका गोष्टीकडे मराठी ब्लॉग लिहिणाऱ्यांचं सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. प्रत्येक लेखाला स्वतःचा पत्ता असतो आणि इंग्रजी शीर्षक असलं तर ब्लॉगर त्यातले शब्द घेऊन तो बनवतो. शीर्षक देवनागरीत असलं की ब्लॉगर ती अक्षरं गाळतो. मागे काहीच उरत नाही, म्हणून तो नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' असं लिहून मोकळा होतो. पुढच्या लेखाला 'ब्लॉग-पोस्ट' आणि एक आकडा, त्यापुढच्याला दुसरा आकडा. शंभर लेखांचे शंभर पत्ते असे एकाच छापाचे होतात. शोधयंत्र मजकूर वाचतं, त्यामुळे ते यातूनही वाट काढतं. माणसाला मात्र पत्ता बघून काही कळत नाही, आणि स्वतः लेखकालाही आपला लेख कुठला ते ओळखता येत नाही. उपाय सोपा आहे. लेख प्रसिद्ध करण्याआधी बाजूच्या पट्टीत कायमच्या पत्त्याची सोय असते, तिथे शीर्षकातले दोन-तीन शब्द रोमन अक्षरांत स्वतः लिहायचे. हे आधीच करायचं. लेख एकदा बाहेर गेला, लोकांनी तो पुढे पाठवला, की पत्ता बदलल्यावर त्यांच्याकडचे जुने दुवे मरतात.

वर्डप्रेसची तऱ्हा वेगळी. तिथे देवनागरी पत्ता टिकतो, वरच्या पट्टीत छान दिसतो, पण कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की टक्क्याच्या खुणा आणि रोमन अक्षर-आकड्यांची वीतभर माळ होते. कारण देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा पत्त्यात नऊ खुणांची जागा घेते, आणि पत्त्याच्या शीर्षकावरून बनणाऱ्या भागाची मर्यादा दोनशे खुणांची आहे. हिशेब केला तर वीस-बावीस अक्षरं-मात्रांनंतर शीर्षक मध्येच तुटतं. म्हणून वर्डप्रेसवरही पत्ता स्वतः आणि थोडक्यात लिहावा, असंच मी सांगेन.

शीर्षकाचंही तसंच आहे. 'मनातलं काही' किंवा 'पाऊस आणि मी' या नावाखाली उत्तम लेख असू शकतो, पण तो शोधणारा माणूस हे शब्द कधीच लिहिणार नाही. द्राक्षावरच्या लेखात एक बागायतदार रोगाला डावणी म्हणेल, दुसरा केवडा म्हणेल. मग दोन्ही शब्द लेखात यावेत, एक शीर्षकात आला तर उत्तम. ललित लेखाला हा नियम लावायचं कारण नाही, तिथे शीर्षक लेखकाच्या मर्जीचं. ज्या लेखातून कुणाला काही करायचं आहे, त्या लेखाने आपलं नाव सरळ सांगावं.

ब्लॉगर घ्यावं की वर्डप्रेस, हा वर्गात सर्वांत आधी येणारा प्रश्न, आणि खरं तर सर्वांत कमी महत्त्वाचा. माझा कल पहिल्या ब्लॉगसाठी ब्लॉगरकडे आहे. तिथे तुम्ही मागितल्याशिवाय जाहिराती येत नाहीत, आणि पुढे स्वतःच्या नावाचा पत्ता विकत घेतला तर तो जोडायला वेगळे पैसे पडत नाहीत. वर्डप्रेस.कॉमच्या मोफत योजनेत जाहिराती त्यांच्या असतात आणि स्वतःचा पत्ता जोडायला पैसे भरावे लागतात; लेखाची मांडणी करण्याच्या सोयी मात्र तिथे जास्त आहेत. वर्डप्रेस.ऑर्गवरून मिळतं ते सॉफ्टवेअर, त्याला जागा तुम्ही घ्यायची. ही दोन नावं सारखी असल्यामुळे पुष्कळ जण पहिल्याच दिवशी गोंधळतात आणि नको ते विकत घेऊन बसतात. फेसबुकवर लिहायला काहीच हरकत नाही, वाचक तिथे आहेत. पण दोन वर्षांपूर्वीची आपली फेसबुक पोस्ट शोधून बघा, म्हणजे ती जागा लेखनासाठी कमी का पडते ते कळेल. लेख ब्लॉगवर ठेवावा, दुवा फेसबुकवर द्यावा.

पैसे मिळतील का, हेही विचारलं जातं. गूगलच्या जाहिरात सेवेने २०१८ मध्ये मराठीला मान्यता दिली, तेव्हापासून मराठी ब्लॉगवर जाहिराती लावता येतात. त्यातून घर चालवण्याच्या आशेने सुरुवात करू नये. या पुस्तकात त्यावर एकच छोटं प्रकरण आहे आणि ते मुद्दाम शेवटी ठेवलं आहे.

सुरुवात कशी करावी याबद्दल माझा एक आग्रह आहे. 'नमस्कार, आजपासून मी ब्लॉग सुरू करत आहे' ही नोंद लिहू नये. असंख्य मराठी ब्लॉग याच एका नोंदीवर थांबले आहेत, कारण ती लिहून झाली की काम झाल्यासारखं वाटतं. पहिली नोंद थेट विषयाची असावी, आणि ब्लॉगचा पत्ता कुणालाही सांगण्याआधी तीन लेख तयार असावेत. पहिला प्रसिद्ध, दुसरा वेळ लावून ठेवलेला, तिसरा मसुद्यात. पहिला आठवडा उत्साहाचा असतो, तिसरा आठवडा कसोटीचा, आणि तिसऱ्या आठवड्यासाठी हाताशी काहीतरी तयार असणं फार आधार देतं. प्रतिक्रिया तपासून मगच दिसाव्यात, अशी सोय पहिल्या दिवसापासून सुरू ठेवावी. आणि खरी प्रतिक्रिया आली तर तिला उत्तर द्यावंच. अनोळखी माणसाने लिहिलेल्या दोन ओळींनी लिहिता हात वर्षभर चालतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

दुसऱ्याचं लेखन उचलू नये, हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं, पण सांगावं लागतं. व्हॉट्सॲपवर नावाशिवाय फिरणारी कविता कुणाची तरी असते. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. केशवसुत १९०५ मध्ये गेले, त्यांच्या कविता कुणीही पूर्ण द्याव्यात. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावर २०६० च्या अखेरपर्यंत हक्क आहे; त्यांचा अख्खा लेख ब्लॉगवर चढवणं म्हणजे त्यांच्यावरचं प्रेम व्यक्त करणं नव्हे. गूगलवर शोधून उतरवलेल्या फोटोंनाही हाच न्याय लागू. स्वतःच्या फोनवर काढलेला जरा अंधुक फोटोसुद्धा चालतो.

शेवटचा भाग टिकण्याचा. मोफत जागा आपली नसते, वापरायला मिळालेली असते. जिओसिटीजवर एके काळी लाखो लोकांची पानं होती. याहूने २००९ च्या ऑक्टोबरमध्ये ती सेवा बंद केली आणि ज्यांनी आपली पानं उतरवून घेतली नव्हती त्यांची बहुतेक गेली. पोस्टरस ही ब्लॉगसेवा २०१३ मध्ये अशीच मिटली. कधी कारण आणखी वेगळं असतं. मुंबईच्या लोकलमधल्या ११ जुलै २००६ च्या बॉम्बस्फोटांनंतरच्या दिवसांत सरकारने काही मोजकी पानं बंद करायला सांगितली, इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांनी ब्लॉगस्पॉट सगळंच अडवलं, आणि देशातल्या असंख्य लोकांना काही दिवस स्वतःचाच ब्लॉग उघडता येईना. यातलं काहीही उद्या होईल असं भय मी घालत नाही. पण ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हींवर सगळ्या लेखांची प्रत उतरवून घेण्याची सोय आहे, ती दर तीन महिन्यांनी वापरावी. त्या फाइलमध्ये लेख आणि प्रतिक्रिया येतात. फोटोंचे बहुधा नुसते पत्ते येतात, म्हणून मूळ फोटो वेगळे जपावेत. ही फाइल दुसऱ्या सेवेवर चढवता येते, म्हणजे घर बदलायची वेळ आलीच तर सामान हाताशी असतं. महत्त्वाचा लेख इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही जतन करावा. पत्ता टाकायचा आणि जतन करा म्हणायचं, पैसे पडत नाहीत.

वयस्क लेखकांना एक गोष्ट वेगळी सांगतो, आणि ती टाळू नये. दोन वर्षं अजिबात वापर न झालेलं गूगलचं खातं बंद करण्याचा अधिकार गूगलने स्वतःकडे ठेवला आहे. लेखक गेल्यावर घरच्यांना पासवर्ड माहीत नसतो, ब्लॉग आहे हेही कधी कधी माहीत नसतं. खातं ठरावीक काळ वापरात नसलं तर कुणाला कळवायचं आणि कशाची प्रत कुणाला द्यायची, हे आधीच नोंदवून ठेवण्याची सोय गूगलच्या खात्यात २०१३ पासून आहे. मुलगी, पुतण्या, विश्वासू विद्यार्थी, कुणाचं तरी नाव तिथे घालावं आणि त्या माणसाला तसं सांगूनही ठेवावं. सातव्या प्रकरणात त्याची कृती पायरीपायरीने दिली आहे. मी वर्गात ती पहिल्याच दिवशी करून घेतो.

पुस्तक कसं वापरायचं याबद्दल थोडं. पडद्यावरची बटणं आणि त्यांच्या जागा बदलत राहतात, म्हणून बटण कुठे आहे यापेक्षा ते काय करतं यावर भर दिला आहे. मराठी आणि इंग्रजी दोन्ही पडद्यांवरची नावं दिली आहेत, कारण ब्लॉगची भाषा मराठी ठेवली तरी काही सूचना इंग्रजीतच येतात. युनिकोडमध्ये लिहिण्याचा सराव आहे त्यांनी पहिली दोन प्रकरणं सोडून पत्त्याच्या प्रकरणापासून सुरू केलं तरी चालेल. ज्यांचं जुनं लेखन कागदावर किंवा जुन्या फॉन्टमध्ये आहे, त्यांनी आधी पाचवं प्रकरण वाचावं आणि रूपांतराला लावण्यापूर्वी मूळ फाइलची एक प्रत बाजूला काढून ठेवावी. बाकीच्यांनी फोनवर मराठी कळफलक सुरू करावा, स्वतःला नीट माहीत असलेल्या एका कामाबद्दल दहा ओळी मसुद्यात लिहाव्यात, आणि मग पहिलं प्रकरण उघडावं. त्यातली सगळी उदाहरणं त्या दहा ओळींवरच करून बघायची आहेत.